दोन पातळ हात

लढाईच्या खेळातले इंचभर उंचीचे शिपाई रंगवायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी माझ्या एकाही शिपायाला स्वतःचा ब्रश कधी टेकवला नाही. रंग ओघळून कोपराशी साचो, डोळा गालावर उतरो, ते नुसते बघायचे. मग आपल्या डब्यातला एखादा शिपाई काढून म्हणायचे, “मी माझ्यावर करून दाखवतो, तू तुझ्यावर कर.” ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले आणि त्यातलं बरंचसं पुढे सोडूनही दिलं. पण हात आवरण्याचा त्यांचा जो गुण होता, त्याचं देणं माझ्याकडे राहिलं आहे. निदान ते कबूल तरी करावं, म्हणून हे लिहिते आहे.

मी जालन्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडात नॉटिंगहॅमला आलो, तेव्हा मुलगा शाळेत होता. आपल्याकडे हे गाव रॉबिन हूडमुळे माहीत असतं, क्रिकेटवाल्यांना ट्रेंट ब्रिजमुळे. टेबलावरच्या लढाया खेळणाऱ्यांसाठी मात्र ही त्यांच्या छंदाची राजधानी आहे. एच. जी. वेल्स या लेखकानं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात घरातल्या जमिनीवर टिनचे शिपाई मांडून लढायचे नियम लिहिले. पुढे हा खेळ टेबलावर चढला. फोमच्या टेकड्या, कापडाच्या नद्या, चाल मोजायला टेप आणि नशीब ठरवायला फासे. जवळच्या न्यूअर्क गावात १९७९ साली सिटाडेल नावाचा शिपाई ओतणारा कारखाना निघाला. त्याला गेम्स वर्कशॉप या कंपनीनं भांडवल दिलं होतं आणि १९८३ मध्ये तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. त्यात राक्षस, बुटके आणि सांगाडेसुद्धा लढतात. आज या कंपनीचं मुख्य ठाणं नॉटिंगहॅमच्या लेंटन भागात आहे. तिथून बाहेर पडलेल्या कारागिरांनी आसपास आपापले छोटे कारखाने काढले. जुळे पेरी बंधू त्यांतलेच, इतिहासातल्या सैन्यांचे शिपाई घडवणारे.

मुलाला शाळेतल्या मित्रांनी नादाला लावलं. शिपाई येतात ते नागवे, करड्या प्लास्टिकचे नाहीतर चंदेरी मिश्रधातूचे. जोडायचे आपण, रंगवायचेही आपण. अर्धा खेळ तर तिथेच असतो. पोरगं एकटं कुठे जाणार, म्हणून मी त्याच्याबरोबर क्लबात जाऊ लागले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी टेबलं लागायची. एका कोपऱ्यात रंगवणाऱ्यांचं टेबल असायचं आणि तिथे हे गृहस्थ बसलेले असायचे. बायका फारशा नसायच्या. मी विणकाम घेऊन बसायची. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “सुई इतकी बारीक चालते, तर ब्रश का नाही चालणार, डक?” नॉटिंगहॅमची जुनी माणसं लहानथोर सगळ्यांना ‘डक’ म्हणतात. त्यात लाडही असतो आणि सवयही.

क्लबात नातवाच्या वयाची पोरं त्यांना पहिल्या नावानं हाक मारत. मला ते तोंडातून निघेना. मी त्यांना ‘आबा’ म्हणू लागले. पोरांना वाटलं, मी त्या स्वीडिश गाणाऱ्यांची चाहती आहे. आबांनी मात्र अर्थ विचारून घेतला आणि पुढे टेलिफोनवरही स्वतःची ओळख तीच सांगू लागले.

आबांची हयात रॅले सायकलच्या कारखान्यात गेली होती. माझ्या आजोबांकडे रॅले होती, शुक्रवारी तिला तेल लागायचं. तिच्या काळ्या नळीवर सोनेरी बारीक रेघ होती, ती कोणी हातानं ओढली असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. आबा तेच काम करायचे. लांब केसांचा ब्रश, फिरती चौकट, आणि न उचलता ओढलेली एक सरळ रेघ. कारखाना होता त्या जागेवर आता विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस उभा आहे. तिथून बस गेली की आबा खिडकीबाहेर न बघता सांगायचे, “इथे भट्टी होती. इथे आमचं खातं.”

त्यांचं शिकवणं उलट्या टोकानं सुरू व्हायचं. रंगाच्या आधी चाकू. धातू दोन अर्ध्या साच्यांत ओततात, ते जिथे मिळतात तिथे शिपायाच्या अंगावर बारीक रेघ उठते. ती पात्याच्या पाठीनं खरवडून काढायची, नाहीतर शेवटी सगळं रंगकाम झाल्यावर ती गालावरून धावताना दिसते. मग साबणाच्या पाण्यानं आंघोळ, कारण साच्यातून सुटून यावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर अंगावर असतो. वाळला की प्रायमर. कोऱ्या धातूवर पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक रंग धरत नाही, नख लागलं की निघतो. फवाऱ्याचा डबा फूटभर लांब धरून झटक्याझटक्यानं फवारायचा, आणि दमट दिवशी तर डबा हातातच धरायचा नाही. ओल्या हवेत प्रायमर खरखरीत बसतो आणि तो खरखरीतपणा वरच्या कुठल्याही रंगानं झाकत नाही. नॉटिंगहॅममध्ये कोरडा दिवस मिळायचा म्हणजे आमच्याकडे आषाढात ऊन मिळण्यासारखं. आबा खिडकीत हवेचा अंदाज घेत थांबायचे, मीही थांबायला शिकले.

त्यानंतरचा धडा नवख्या माणसाला सगळ्यात जड जातो: रंग पातळ करायचा. बाटलीतला रंग घट्ट असतो. तो तसाच लावला की एका हातात सगळं झाकतं आणि मन खूश होतं. पण शिल्पकारानं कापडाच्या ज्या चुण्या कोरलेल्या असतात, दाढीचे जे केस काढलेले असतात, ते सगळे त्या रंगाखाली बुजून जातात. म्हणून दोन पातळ हात द्यायचे. पहिला हात फिका, डागाळ, केविलवाणा दिसतो. तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग दुसरा द्यायचा. एकेकाळी गेम्स वर्कशॉपच्या चित्रफितींमधून शिकवणाऱ्या डंकन ऱ्होड्स यांनी हे ‘दोन पातळ हात’ जगभरच्या पोरांच्या तोंडी बसवलं. आबांना ते आधीपासूनच ठाऊक होतं, कारण त्यांच्या खात्यात घट्ट रंगाची रेघ फुटायची.

रंग पाण्याबरोबर किती सैल करायचा हे सांगताना ते दुधाचं नाव घ्यायचे. पण तिथलं दूध आणि आपलं दूध यांच्या दाटपणात फरक. मी माझं माप ताकावर बसवलं. चमचा बुडवून काढला की त्यावर पातळ पापुद्रा राहावा, इतपत. हा रंग टिकवायला त्यांनी ओली रंगपाटी करायला शिकवली. चपट्या डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, कागदावर रंग. खालून ओल मिळत राहते आणि रंग संध्याकाळभर वाळत नाही. ब्रश भरला की आधी टिश्यूवर टेकवायचा, मग शिपायावर. हे टेकवणं विसरलं की रंग चुणीत पळतो आणि तिथे तळं करतो.

ब्रशाबद्दल आबा हट्टी होते. नवखा माणूस दुकानात जाऊन सगळ्यात बारीक ब्रश उचलतो. वाटतं, डोळा बारीक तर ब्रशही बारीक हवा. पण तीन केसांच्या टोकाला रंग धरत नाही, शिपायापर्यंत पोचण्याआधीच तो वाळतो. आबा दोन नंबरचा ब्रश वापरायचे. पोट भरलेलं, टोक सुईसारखं. विन्सर अँड न्यूटनची सिरीज सेव्हन, कोलिन्स्की नावाच्या जनावराच्या शेपटीच्या केसांची. राणी व्हिक्टोरियासाठी १८६६ साली ती पहिल्यांदा बनवली, हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे, जणू ऑर्डर त्यांच्याच खात्यात आली होती. रंग केसांच्या मुळापर्यंत, पत्र्यापर्यंत चढू द्यायचा नाही. तिथे वाळला की टोक फुटतं आणि ब्रश मेला. मेलेला ब्रशही ते टाकत नसत. तो कोरड्या रंगासाठी ठेवत. ब्रश रंगात बुडवून टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसायचा आणि उरलेला रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. साखळीचं चिलखत, घोड्याची आयाळ, दगड यांच्या कडा आपोआप उजळतात.

रेघ ओढायची पद्धत मात्र त्यांच्या कारखान्याची. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. श्वास सोडताना रेघ ओढायची, आपल्याकडे ओढायची. हात वळवायचा नाही, शिपाई वळवायचा. तलवारीची कड, पट्ट्याची किनार, पागोट्याचा पेच यांवर अजूनही माझा श्वास आपोआप सुटतो.

हे सगळं ते दाखवायचे आपल्या शिपायावर. माझा शिपाई माझ्या हातात, त्यांचा त्यांच्या. क्लबात दुसरेही जाणते होते. मी अडले की त्यांतला एखादा “दे इकडे” म्हणून माझा शिपाई घ्यायचा आणि चुटकीसरशी डोळे काढून परत द्यायचा. सुंदर डोळे. तो शिपाई मग मला परका वाटायचा, फळीवर मागे सरकायचा. हे मी आबांना सांगितलं नव्हतं. एकदा माझ्या मुलानंच कंटाळून आपला घोडेस्वार त्यांच्यापुढे सरकवला, “तुम्हीच करून द्या ना.” आबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, त्यांच्यावर बसलेच म्हणा ना, आणि गोष्ट सांगितली.

रॅलेत लागण्याआधी, पोरवयात, ते एका दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे उमेदवारीला होते. दिवसभर ते अक्षरं काढायचे. रात्री मालक दिव्याखाली बसून त्यांची अक्षरं सावरायचा. वाईट मनानं नव्हे, गिऱ्हाईक सकाळी यायचं म्हणून. सकाळी पाटी सुरेख दिसायची. आबा गावातून फिरायचे तेव्हा त्यांनी लिहिलेल्या पाट्या दिसायच्या, आणि त्यातलं नेमकं कुठलं अक्षर आपलं हे त्यांना ओळखता यायचं नाही. “मला अक्षर येतं की नाही, हेच मला कळलं नाही,” ते म्हणाले. “मग मी तिथून सुटलो.” त्यांचा घोडेस्वार मुलापुढे आला आणि मुलाचा मुलाकडेच राहिला. घोड्याचे डोळे त्या दिवशी तिरळे झाले. आबांनी तळाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि मुलाच्या नावाचं आद्याक्षर लिहून घेतलं. हा त्यांचा नेम होता. कोणीही रंगवलेला शिपाई असो, त्याच्या पायाखाली रंगवणाऱ्याची सही हवी.

मी शिकून जरा स्थिर झाले तेव्हा आबांनी एक जुना मनसुबा बाहेर काढला. त्यांना असईची लढाई टेबलावर मांडायची होती. असई माझ्याच जिल्ह्यातली. मला शाळेच्या इतिहासातली तिची एक ओळ आठवत होती. त्यांना सगळी लढाई पाठ होती. २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधला पट्टा. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं सैन्य. त्यात द बॉइन्य या युरोपी सरदारानं महादजी शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या कवायती पलटणी, आणि त्यांच्यावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा सरदार. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, तेव्हा मधे उतार असणारच, हे वेलस्लीनं ताडलं आणि सैन्य पलीकडे उतरवलं. मराठ्यांच्या तोफा शंभराच्या आसपास होत्या. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. चौऱ्याहत्तरावी हायलँडर्स तर असई गावापुढे जवळपास कापली गेली. “आमची पोरं गोलंदाजांच्या रांगेवरून पुढे निघून गेली,” आबा सांगत, “आणि तोफांखाली मेल्याचं सोंग घेतलेले तुमचे गोलंदाज उठले, तोफा वळवल्या आणि आमच्या पाठीत गोळे घातले. त्यांना मी वाईट रंगवणार नाही.”

असईची वाटणी झाली. इंग्रज आणि हायलँडर त्यांच्याकडे. गोलंदाज आणि तोफा ओढणाऱ्या बैलजोड्या माझ्याकडे. इथे पहिल्यांदा मला त्यांना काही सांगता आलं.

त्यांच्याकडे कातडीचे रंग तीन छटांच्या संचांत होते. सावलीची, मधली आणि उजेडाची. न्यूअर्कच्या फाउंड्री कंपनीच्या पद्धतीप्रमाणे सगळं तीन पायऱ्यांत. पण हिंदी माणसासाठी त्यांचा एकच संच होता, आणि त्यातून निघालेली पलटण एका आईच्या पोटची वाटायची. मी त्यांना म्हटलं, आमच्या एका घरात चार रंग असतात. मी गव्हाळ, सावळा, काळासावळा असे वेगवेगळे रंग कालवले. तिथेच एक अडचण आली. तपकिरीत पांढरा मिसळून उजळ केला की चेहरा खडूसारखा, राखेचा दिसतो. आबा विचारात पडले, मग आपल्या शिपायावर प्रयोग करत बसले. पांढऱ्याऐवजी पिवळसर माती, म्हणजे ओकर मिसळला की उजेड उन्हाचा येतो, आणि सावलीला काळ्याऐवजी जांभळट तपकिरी दिली की चेहरा जिवंत राहतो. हे आम्ही दोघांनी मिळून काढलं. ते म्हणाले, “हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी अर्धी पलटण वाचली असती.”

पांढऱ्या कपड्यांचा धडा मात्र सगळा त्यांचा. धोतर पांढरं म्हणून नवखा माणूस पांढरा रंग घेतो. मग त्यावर उजेड द्यायला काही उरतच नाही. आबा पांढरं कापड करड्या-पिवळट रंगानं सुरू करायचे. त्यावर हस्तिदंती, आणि शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या कण्यांवर, केसाइतका. हातात जवळ धरून पाहिलं तर ते धोतर मळकं वाटतं. हात लांब केला की ते पांढरं होतं. इंचभर वस्तूवर खोलीतला उजेड खऱ्या माणसावर पडतो तशी सावली पाडत नाही, म्हणून सावली आणि उजेड दोन्ही आपणच रंगवायचे, आणि वाटतात त्यापेक्षा जास्त धीटपणे. शिपाई टेबलावर राहणार आहे, लोक तीन फुटांवरून पाहणार आहेत. आबा दर थोड्या वेळानं हात लांब करायचे. मी नाकाशी धरून बसलेली दिसले की ते काही न बोलता आपला हात लांब करायचे. मग मीही करायची.

बैलांवरून आमचं वाजलं. आबांनी नमुन्याला एक बैल रंगवला होता, तो इंग्लंडच्या कुरणातला होता. मी पोळ्याला बैल रंगवलेली मुलगी. मातीचे, गेरूचे. मी माझी जोडी लाल कंधारी केली. इथे लाल रंगाची आणखी एक खोच त्यांनी सांगितली. लालात पांढरा घातला की गुलाबी होतो, म्हणून उजेडाला नारिंगी घ्यायचा. वशिंडावर आणि पुठ्ठ्यावर नारिंगी फिरला आणि बैल उभा राहिला. पण आबांचा आक्षेप इतिहासाचा होता. शिंद्यांचं तोफखान्याचं दळ हिंदुस्थानातून, उत्तरेतून खाली आलेलं. बैल मराठवाड्याचे कसे? मी म्हटलं, इतक्या लांब चालून आलेले बैल काय सगळे जिवंत पोचले असतील? वाटेत गावांतून धरलेच असतील. शेवटी निम्मे बैल पांढरे झाले आणि निम्मे लाल. हा तह आजही टिकून आहे.

तळाचंही तसंच. शिपाई ज्या चकतीवर उभा असतो तिच्यावर वाळू चिकटवून, रंगवून, कृत्रिम गवत लावतात. आबांनी मराठवाड्याला इंग्लंडसारखं गवत लावलं होतं. मी बहिणीला जालन्याहून असईला पाठवलं, नेमकं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तिनं फोनवर फोटो धाडले. काळी माती, पावसानं ओली, मधे हिरवं. आबांनी ते फोटो मोठे करून टेबलावर ठेवले आणि सगळ्या चकत्या पुन्हा केल्या. काळी म्हणून काळा रंग नव्हे. गडद तपकिरीवर कोरड्या ब्रशानं उबदार करडा, आणि गवताचे तुरळक झुबके. गवत उपटताना मी त्यांना विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, “जमीन तुझी आहे.” माझ्या एका शब्दावर त्यांनी स्वतःच्या कामावर रंग चढवला. माझ्या कामावर मात्र नाही.

डोळ्यांबाबत आमचं कधीच जमलं नाही. आबा इतक्या लहान शिपायाला डोळे काढत नसत. त्यांचं म्हणणं, तळपायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर भरणारा माणूस तीन फुटांवरून पाहिला, तर दिसते ती भुवईखालची सावली. बुबुळ दिसत नाही. पांढऱ्या ठिपक्यांनी शिपाई दचकलेला दिसतो. मी ज्या गावातून आले तिथे गणपतीच्या कारखान्यात आखणी सगळ्यात शेवटी, सगळ्यात तयारीचा कारागीर करतो. डोळे नाहीत तर मूर्ती नाही. माझ्या गोलंदाजांना डोळे आहेत. आबांनी ते पाहिले आणि चष्मा काढून पुसला. तेवढंच. बोलले नाहीत, खोडले नाहीत.

असई त्या टेबलावर झाली. माझ्या मुलानं पोलमन खेळला. वेलस्ली खेळणाऱ्याला फासे चांगले पडले आणि इतिहास बदलायचा राहिला. पण गोलंदाज मात्र पुन्हा उठले. आबांनी त्यासाठी खास नियम लिहिला होता. उठणाऱ्या गोलंदाजांचे डोळे दिसतात का, हे पाहायला मी टेबलापासून तीन फूट मागे गेले. दिसत नव्हते. ते मी आबांना सांगितलं नाही.

नंतर त्यांची नजर अधू होत गेली. आधी बटणं गेली, मग पट्टे, मग चेहरे. ते कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसायचे आणि रंगवणाऱ्यांना बोलून सांगायचे. ‘करून दाखवतो’ आता शक्य नव्हतं. तेव्हा मी विचारलं, तुमच्या शिपायांना मी हात देऊ का? अर्धवट राहिलेली हायलँडर्सची पलटण होती. ते म्हणाले, “दे. पण तू लावलेल्यावर तुझं अक्षर घाल. माझं खोडू नकोस, शेजारी घाल.” त्या शिपायांच्या पायाखाली आज दोन अक्षरं आहेत.

आबांनी शिकवलेलं मी जसंच्या तसं पाळते असं नाही. २०१९ मध्ये काँट्रास्ट नावाचे रंग आले. फिक्या प्रायमरवर एकच हात द्यायचा, रंग स्वतःच चुणीत दाट आणि उंचवट्यावर फिका बसतो. आबा त्याला ‘डाग’ म्हणायचे. मला संध्याकाळी दोन तास मिळतात, मी ते सर्रास वापरते. सावलीसाठी तयार पातळ वॉशही वापरते, तळं झालं की कोरड्या ब्रशानं टिपते. तीन पायऱ्यांचं काम फक्त चेहऱ्यांवर ठेवलं आहे. डोळे तर मी काढतेच. त्यांच्या शिकवणुकीचा हिशेब घातला तर निम्मी मोडली, असंच कोणी म्हणेल.

त्यांच्या टेबलावर आता मी बसते. नवी पोरं येतात, त्यांचे आईबाप येतात, अलीकडे एक मराठी जोडपंही येतं. घट्ट रंग, फुटलेलं टोक, खडूचा चेहरा. सगळं तेच. पोरगं शिपाई पुढे सरकवतं आणि माझी बोटं शिवशिवतात, कारण ती चूक मला दिसते आणि दोन टेकवण्यांत ती निघेल हेही दिसतं. आईबापांना तर वाटतंच की मी ते करावं, एवढं येतं तर अडून का बसते ही बाई. पण शिकवणाऱ्यानं हात घातला की शिकणाऱ्याची चूक जाते, आणि तिच्याबरोबर ती सुधारण्याची त्याची संधीही जाते. आबांनी माझ्या चुका माझ्याकडेच राहू दिल्या, म्हणून त्या सुधारल्या त्याही मीच. पाट्या रंगवणाऱ्या पोराला जे मिळालं नव्हतं, ते त्यांनी मला दिलं: कुठलं काम आपलं, हे ओळखता येणं. मी पोराचा शिपाई परत त्याच्याकडे सरकवते, डब्यातून माझा काढते आणि रंगपाटी दोघांच्या मधे ठेवते.